निशाणी सव्वीस

"शेवटची खबर कधी?" शेटेबाईंनी विचारलं.

"कुणाची?"

"तुमच्या भावाची. पत्र, फोन, मनीऑर्डर, कुणाच्या हाती निरोप, कुणी कुठे पाहिल्याची नुसती आवई. काहीही. शेवटचं कधी?"

"काही नाही," शालन म्हणाली. "गेले ते गेले."

"मी यांना विचारतेय."

यांना म्हणजे मला. मी म्हणालो, "काही नाही."

"आईंना?"

"आईला काय येणार?"

"येणार का असं मी विचारलं नाही. आलं का, ते विचारलं."

अॅडव्होकेट इंदुमती शेटे यांचं ऑफिस वडूजच्या कोर्टामागच्या गल्लीत, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. गिरणी चालू असली की टेबल थरथरायचं, आणि त्यावर हात ठेवून बसलेला पक्षकारही. बाई या गोष्टीचा उपयोग करून घेत असाव्यात असा मला संशय आहे. त्यांच्यासमोर आखीव कागद होता, त्यावर एकाखाली एक प्रश्न लिहिलेले. आम्ही चौथ्या प्रश्नावर होतो आणि कागद पाठपोट भरलेला होता.

"आईलाही काही नाही," मी म्हणालो.

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. पेन हातात धरून त्या नुसत्या बघत राहिल्या. "बोत्रे, कायदा सरळ आहे. ज्या माणसांना त्याची खबर यायला हवी, त्यांना ती सात वर्षं आली नाही, तर तो माणूस मेला असं कोर्ट धरून चालतं. यात एकच अट आहे, खबर आलेली नसावी. एक चिठ्ठी निघाली तरी दावा गेला. म्हणून मला आईंना भेटायचंय. त्यांची पेटी, फडताळ, देवघर, सगळं बघायचंय."

"देवघर?"

"म्हाताऱ्या बायका कागद तिथेच ठेवतात."

खाली आल्यावर मी शालनला म्हणालो, "ही बाई चालायची नाही."

"का? हुशार वाटली मला."

"फार चौकशा करते. आईला त्रास होईल."

शालन माझ्या धाकट्या भावाची, श्रीपतीची बायको. श्रीपती एका सरकारी कार्यालयात कारकून होता. १९८३च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी, केस कापून येतो म्हणून तो घरातून निघाला. न्हाव्याने सांगितलं, आलाच नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, दुसरी बाई नव्हती. पोलिसांनी वर्णन लिहून घेताना "केस वाढलेले" एवढं आवर्जून लिहिलं आणि फाईल बंद केली. मागे राहिल्या आई आणि शालन. आमचा धंदा पिढीजात शिंप्याचा, शालन मशीनवर ब्लाऊज शिवून घर चालवायची. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. श्रीपतीच्या ऑफिसात तिला अनुकंपेवर जागा मिळू शकत होती. त्यासाठी तो मेल्याचा कोर्टाचा हुकूम लागायचा, आणि तिने वयाची पंचेचाळीस ओलांडलेली नसावी लागायची. ती बेचाळीस पूर्ण करून पाच महिन्यांची होती. दिवाणी कोर्टाचा वेग लक्षात घेता ही स्पर्धा तशी एकतर्फीच होती.

मी मुक्कामाला कोल्हापूरला. शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे, आणि आमची खासियत म्हणजे माणसाचा प्लॅस्टिकचा सांगाडा. विदर्भ-खानदेश माझ्याकडे होता. भुसावळ ते चंद्रपूर या पट्ट्यात मी विकलेले एकशे चाळीस सांगाडे उभे होते. घरातला एक जिवंत माणूस मात्र मला सापडला नव्हता.

तर मी दुसरा वकील शोधला. शोधायची माझी कसोटी एकच होती, जी मी शालनला सांगितली नाही.

अॅडव्होकेट आप्पासाहेब इंगवले त्या कसोटीला शंभर टक्के उतरले. त्यांचं ऑफिस मोठं, मागच्या भिंतीला कायद्याची पुस्तकं, त्यातल्या निम्म्यांचं प्लॅस्टिकचं वेष्टण अजून निघालेलं नव्हतं. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला.

"चहा की कॉफी?"

आम्ही चहा म्हणालो.

"बाईसाहेब, तुम्ही माझ्या बहिणीसारख्या. सगळं माझ्यावर सोडा. घरी जा, निवांत झोपा. दादा, तुम्हीसुद्धा."

"आईला काही विचारायचंय का?" शालनने विचारलं. बाईंच्या गिरणीवरून आल्यापासून तिच्या डोक्यात ते बसलं होतं.

"आईला विचारायचं कशाला? आईला उभं करायचं! पिंजऱ्यात म्हातारी माउली, पांढरा पदर, डोळ्याला पाणी. 'साहेब, नऊ वर्षं झाली, माझ्या लेकराची खबर नाही.' जज्जसाहेबांना रुमाल काढावा लागेल. अहो, आईची साक्ष म्हणजे सोनं."

मी म्हणालो, "आईला नका आणू."

"का?"

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सोपा 'का' होता. गिरणीच्या माडीवर मला त्याचं उत्तर द्यावंच लागलं असतं. इथे आप्पासाहेबांनी तो विचारून स्वतःच मोडीत काढला. "वय झालं म्हणताय? अहो, वय झालंय म्हणूनच!"

दावा लागला. तारखा पडल्या. एकदा सरकारी वकील नव्हते, एकदा जज्जसाहेब नव्हते, एकदा आप्पासाहेब लग्नाला गेले होते, आणि एकदा सगळे होते पण वीज नव्हती. शालनची साक्ष झाली. ती बरी झाली. मग पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आईची तारीख आली.

आदल्या दिवशी मी घरी गेलो. आईला म्हणालो, "तुझी तब्येत बरी नाही असं आपण कळवू."

"काय झालंय माझ्या तब्येतीला?"

"कोर्टात उगाच..."

"दिगू, मला जायचंय. मी खरं तेच सांगणार."

आई चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने नऊवारी घडी करून उशाखाली ठेवली. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. अजून वेळ होता. मी उठून आत जायला हवं होतं. मी बसून राहिलो, आणि मग जेवायची हाक आली.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात आईला बसायला स्टूल दिलं. शपथ झाली. आप्पासाहेब काळा कोट सारखा करून पुढे झाले, आणि आवाजात जेवढा कंप आणता येईल तेवढा आणून म्हणाले, "आजी, तुमचा मुलगा श्रीपती गेल्यापासून, इतक्या वर्षांत, तुम्हाला त्याचं काही कळलं का हो?"

"कळलं की," आई म्हणाली.

आप्पासाहेबांनी खिशातला रुमाल अर्धा बाहेर काढला होता. तो तसाच राहिला.

आईने कमरेची पिशवी सोडली. आतून एक जुना रुमाल, रुमालातून पोस्टकार्डांचा गठ्ठा. पिवळी, कडा मऊ झालेली कार्डं. "ही त्याची पत्रं. माझा मुलगा जिता आहे, साहेब. हातानं अधू झालाय, पण जिता आहे. या पोरीला मी सांगितलं नाही, कारण त्यानंच लिहिलं होतं की शालनला सांगू नकोस, मी आलो की सांगू. पण आता तुम्ही त्याला मेला म्हणायला निघालात, तर मी कशी गप्प बसू?"

सरकारी वकील उभे राहिले. त्यांचं नाव तालीकोटे. गरीब माणूस. त्यांना आयुष्यात इतकी आयती केस कधी मिळाली नसावी, त्यामुळे ते आधी बावरलेच. कार्डं टेबलावर गेली, कारकुनाने त्यांना एकत्र टाचून शिक्का मारला आणि त्यांची निशाणी सव्वीस झाली.

शालन माझ्या शेजारच्या बाकावर होती. तिने आईकडे बघितलं नाही. तालीकोटे कार्डांवरचे पोस्टाचे शिक्के वाचत होते. "अमरावती. भुसावळ. अकोला. खामगाव." प्रत्येक नावासरशी तिची मान थोडी थोडी माझ्याकडे वळत होती. पाचव्या गावाला ती पूर्ण वळली.

बाहेर लिंबाखाली ती म्हणाली, "दादा, तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं, आत्या माझ्यावर डूख धरून आहेत. मी आले की बोलणं थांबवायच्या. पोस्टमन आला की मला दळणाला पिटाळायच्या. नऊ वर्षं मी विचार करतेय, माझं काय चुकलं म्हणून. आणि त्या तुमची कार्डं लपवत होत्या."

सांगण्यासारखं एवढंच आहे. श्रीपती गेल्यावर सात महिन्यांनी आईने जेवण सोडलं. पाणी आणि चहा, एवढ्यावर ती होती. मी तेव्हा अमरावतीला, एका लॉजवर. खाली पोस्टाचा डबा होता. मी कार्ड घेतलं आणि डाव्या हाताने लिहिलं, "आई, मी सुखरूप आहे. उजव्या हाताला दुखापत झाली म्हणून डाव्याने लिहितो. जेवत जा. शालनला सांगू नकोस, मी आलो की सांगू." शालनने अक्षर ओळखू नये म्हणून ती शेवटची ओळ. पंधरा दिवसांनी घरी गेलो तर आई भाकरी खात होती.

एकच लिहायचं होतं. पण एक कार्ड माणसाला किती पुरणार? सहा-आठ महिन्यांनी आई पुन्हा ताट सरकवायला लागायची. मी पुन्हा लिहायचो. अडचण एकच होती. हात बरा झाला असं लिहिलं असतं तर अक्षर उजव्या हाताचं आणावं लागलं असतं. म्हणून आठ वर्षं मी माझ्या भावाचा हात बरा होऊ दिला नाही.

आप्पासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी वकीलपत्र सोडलं. ना-हरकत लिहून देताना त्यांनी मला पहिला खरा प्रश्न विचारला. "दादा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही म्हणून."

"अहो, पण मी कधीच विचारत नाही!" ते म्हणाले. त्यात तक्रार होती. आपली पद्धत जगाला ठाऊक असायला हवी, असं त्यांना वाटत होतं.

मी पुन्हा गिरणीची माडी चढलो. शेटेबाईंनी मला बसा म्हटलं नाही.

"देवघरात होती?"

"देवघरात."

"कोणी लिहिली?"

"मी."

"सगळी?"

"सगळी."

"किती?"

"दहा-अकरा असतील."

"असतील? निशाणी सव्वीसमध्ये बारा आहेत."

"मग बारा."

बाईंनी आता ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मार्ग एकच आहे. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहायचं, शपथेवर सांगायचं की ही बाराच्या बारा मी लिहिली, आणि कोर्टासमोर डाव्या हाताने लिहून दाखवायचं."

"आई घरी राहील ना?"

"नाही राहणार. तिची पत्रं कोर्टात आहेत. ती परत मिळेपर्यंत ती प्रत्येक तारखेला येणार." बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या कुणाच्या तरी मावशी वाटल्या. "तुम्ही आधी सांगाल का तिला?"

"सांगतो."

नाही सांगितलं. हेही तुम्ही ओळखलंच असेल.

बाईंनी कोर्टातून त्या बारा पत्रांच्या नकला मागवल्या. कोर्टाच्या टंकलेखकाने टाईप करून दिलेल्या, खाली शिक्का. त्यांनी त्या माझ्यासमोर ठेवल्या. "एकेक वाचा. शब्द न् शब्द. पिंजऱ्यात चुकायला नको."

मी पहिलं वाचलं. 'आई, मी सुखरूप आहे.' लॉजच्या खाटेवर बसून, कार्ड गुडघ्यावर ठेवून लिहिलेलं. टाईप केल्यावर ते खुनाच्या कबुलीजबाबासारखं दिसत होतं. मी बाकीची पानं नुसती उलटली. सगळ्यात खाली "वाचले, बरोबर आहे" असं लिहून सही केली.

"वाचलंत?"

"मीच लिहिलीत ना," मी म्हणालो.

या बाईंनी मला शेकड्याने प्रश्न विचारले असतील. त्यांना खोटं उत्तर देण्याची मला तोवर सवय झाली होती.

माझी साक्ष नोव्हेंबरात आली. शालनला चव्वेचाळीस पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. आई पुढच्या बाकावर, नऊवारी नेसून. मी शपथ घेतली. शेटेबाईंनी विचारलं, मी सांगितलं. सांगताना मी पंख्याकडे बघत होतो. पंखा बंद होता.

"आता लिहून दाखवा," जज्जसाहेब म्हणाले.

कागद दिला. मी डाव्या हातात पेन धरलं. 'आई, मी सुखरूप आहे. जेवत जा.' अक्षर तसंच उतरलं, तिरकं, थरथरतं, आठ वर्षं अधू असलेलं. जज्जसाहेबांनी कागद कार्डाशेजारी धरला आणि मान हलवली. आई माझ्या मागे बाकावर होती. मी वळून पाहिलं नाही.

मग तालीकोटे उलटतपासाला उठले. एकेक कार्ड माझ्यासमोर धरू लागले.

"हे तुम्ही लिहिलं?"

"होय."

"हे?"

"होय."

तिसरं, चौथं, पाचवं. होय, होय, होय. लय सापडली की खोटंसुद्धा सोपं जातं, आणि हे तर खरं होतं. सहावं. होय.

"हे?"

सातव्या कार्डावरचं अक्षर सरळ होतं. बारीक, गोल, शब्दांत अंतर राखलेलं. शाळेत ज्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं, ते. वर शिक्का हिंगणघाटचा, मार्च १९८९. हिंगणघाटला मी एकही सांगाडा विकलेला नाही. तिथे मी कधी उतरलोच नव्हतो.

'आई, बरेच दिवस ताप उतरत नाही. इथे कुणी नाही. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत आहे. दादाला पाठव. श्रीपती.'

"साक्षीदार, हे पत्र तुम्ही लिहिलं का?"

शालन बाकावर बसली होती. सुईत दोरा ओवताना करते तसे डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघत होती. एवढ्या अंतरावरून तिला माझा चेहरा नीट दिसत नसावा.

"होय," मी म्हणालो.

"यातलं अक्षर वेगळं आहे."

"हे उजव्या हाताने लिहिलं."

"का बरं?"

"त्या दिवशी डावा हात दुखत होता."

कोर्टात हशा पिकला. पट्टेवालासुद्धा हसला. जज्जसाहेबांनी ओठ मिटून हसू आवरलं आणि घड्याळाकडे पाहिलं, एक वाजून गेला होता. माझा तो जन्मातला सगळ्यात यशस्वी विनोद. तालीकोटेंनी उजव्या हाताने लिहून घ्यायला हवं होतं. पण सगळे हसल्यावर माणूस एकटा गंभीर राहू शकत नाही. त्यांनीही हसून पुढचं कार्ड उचललं.

आठवं. होय. नववं. होय. बारावं. होय.

"फेरतपास?" जज्जसाहेबांनी विचारलं.

शेटेबाई उठल्या. त्यांनी टेबलावरून निशाणी सव्वीस घेतली आणि सातवं कार्ड काढलं. टाईप केलेली नक्कल त्यांनी दहादा वाचली असणार, अक्षर त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईंनी आईचं देवघर उघडून बघायचं म्हटलं होतं, त्यांनी ते कार्ड परत गठ्ठ्यात घातलं.

"फेरतपास नाही," त्या म्हणाल्या.

आईने उठून जज्जसाहेबांना विचारलं, "साहेब, माझी कार्डं?"

"आजी, ती आता निकालापर्यंत फाईललाच राहणार."

"पण ती खोटी आहेत ना? मग तुम्हाला कशाला?"

साहेब जेवायला उठले.

हुकूम फेब्रुवारीत झाला. शालन नोकरीवर रुजू झाली तेव्हा पंचेचाळिसाला चार महिने बाकी होते. शेटेबाईंनी फी घेतली नाही. का, तेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. न विचारण्यावर तोवर आमचं एकमत झालं होतं.

हिंगणघाटला मी साक्षीनंतर दीड महिन्याने गेलो. कंपनीला सांगायला काम हवं म्हणून नमुन्याचा सांगाडा बरोबर घेतला. धर्मशाळेच्या जागी बियाणांचं गोदाम होतं. शेजारच्या हॉटेलवाल्याला एक केस वाढलेला माणूस पुसटसा आठवत होता, पण त्याला असे तीन-चार आठवत होते. सरकारी दवाखान्यातला कारकून म्हणाला, इतकी जुनी कागदपत्रं आता कुठली, रद्दीत गेली. मग त्याने सांगाड्याची किंमत विचारली. मुलाच्या शाळेला हवा होता म्हणे.

पण हे नंतरचं. साक्षीच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं एसटी स्टँडवर आलो. शालन गाडीची चौकशी करायला गेली. आई सिमेंटच्या बाकावर बसली, मी शेजारी. मी तिच्यासाठी उसाचा रस आणला. तिने घेतला, प्यायली, पेला मला परत दिला.

"दिगू."

"हं."

"बाकीची लिहिलीस, ते कळलं मला. मी जेवत नव्हते म्हणून लिहिलीस. पण ते तापाचं का लिहिलंस?"

मी पेला दुसऱ्या हातात घेतला.

"असलं लिहू नये रे. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. दादाला पाठव म्हणून लिहिलेलं. मी तुलाच पाठवणार होते. किराणा दुकानातून तुला फोन लावायला निघाले होते. चपला घातल्या, दाराला कडी लावली, तेवढ्यात पोस्टमन आला. लगेच दुसरं पत्र. मी ठणठणीत आहे, कुणी येऊ नका."

ते पत्र मला आठवत होतं. आठवं. खामगावच्या शाळेत मुख्याध्यापकांची वाट बघत, पायरीवर बसून लिहिलं होतं. हवापाण्याबद्दल दोन ओळी लिहून झाल्यावर कार्डावर थोडी जागा उरली होती. मोकळी दिसू नये म्हणून ती ओळ टाकली. ठणठणीत हा शब्द सुचल्याचं मला तेव्हा बरंही वाटलं होतं.

"मग म्हटलं, बरा झाला तर तुला कशाला पळवायचं इतक्या लांब. परत फिरले."

"चुकलं माझं, आई."

"चुकलंच," ती म्हणाली.

समोर एक गाडी लागली, रिकामी झाली, पाटी बदलून निघून गेली. शालन खिडकीपाशी रांगेत उभी होती, तिचा नंबर अजून आला नव्हता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"दिगू, म्हणजे ताप नव्हताच ना त्याला?"

"नव्हता."

"धर्मशाळेत एकटा पडला नव्हता."

"नाही, आई."

आईने श्वास सोडला. पाय वर घेऊन ती बाकावर नीट मांडी घालून बसली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली.